मोटर चालू करण्यासाठी एक दाबा

केडगाव सोडताना

केडगावहून खर्ड्याला जायला एसटी आहे, जीप आहे, आणि ज्यांचं डोकं ठिकाणावर आहे ते त्यानंच जातात. आम्ही सायकलवर गेलो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बाग लावतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर सुनेच्या भाजीत मीठ किती पडलंय ते मोजत बसतात. आमच्या ह्यांनी गियरची सायकल घेतली. ही सायकल म्हणजे मोबाईल अडकवायचा महागडा खुंटा आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. हँडलच्या मधोमध मोबाईल, त्याला जोडलेली बॅटरी, शेजारी गाणी लावायचा डबा, आणि उरलेल्या जागेत कसाबसा ब्रेक. घंटी नव्हती. घंटीला जागाच राहिली नाही म्हणे.

माझी सायकल मुलीची जुनी. तिला पुढे टोपली आहे, आणि माझा मोबाईल त्या टोपलीत, नाताळच्या करंज्यांच्या डब्याखाली. वाजला तरी ऐकू येत नाही, ही सोय मी मुद्दाम केलेली. शाळेत मराठी शिकवते मी, दिवसभर पुरेसं ऐकून होतं.

पण नुसत्या करंज्या पोचवायला कोणी इतकं पायडल मारत नाही. खर्ड्याला माझी मोठी बहीण असते, आक्का. नाताळाआधी तिचा फोन आला होता. "शालू, सुट्टीत तू ये बाई. ह्यांना सांग काहीतरी, माझं न्हाई आयकत. परत पडले गाडीवरून." हे म्हणजे आमचे दाजी. पावसाळ्यात ते मोटारसायकलवरून पडले, पायात रॉड बसला, दोन महिने खाटेवर होते. आणि आता हे दुसऱ्यांदा. दोन्ही वेळेला त्यांचा एक हात हँडलला होता आणि दुसऱ्या हातात मोबाईल. "तिसऱ्यांदा काय हुईल गं?" एवढं विचारून आक्कानं फोन ठेवला.

दाजी या जगात दोघांचंच ऐकतात, एक त्यांची म्हैस आणि दुसरी मी. म्हणून मी निघाले. आणि गाडीवर मोबाईल बघणाऱ्या माणसाला समज द्यायला सोबत कोणाला घेतलं, तर हँडललाच मोबाईल बांधून फिरणाऱ्याला! माझं मलाच हसू येत होतं.

चिचोंडीच्या अलीकडे

पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, तोंडात अजून नगरच आहे. शहर मागे टाकून जामखेड रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना ज्वारी, कांदा, मधेच उघडं माळरान, आणि सकाळचं असं छान बोचरं वारं, की माणसानं नुसतं बघत जावं. बघतंय कोण? आमच्या भागात गाडीवर फोन घ्यायची एक खास पद्धत आहे. मान खांद्यावर पाडायची, मधे मोबाईल दाबून धरायचा, आणि राहिलेल्या एका डोळ्यानं रस्ता बघायचा. समोरून असा वाकड्या मानेचा माणूस आला की वाटतं, हा आपल्यालाच काहीतरी विचारतोय. मी दोघातिघांना उगाचच "बरंय, बरंय" म्हणून उत्तर दिलं.

पोरी जास्त हुशार. त्या स्कार्फ बांधतानाच मोबाईल कानाशी खोचून टाकतात. दोन्ही हात मोकळे, चेहरा झाकलेला, आणि मागून आलेला हॉर्न ऐकायचा कान कायमचा बंद. पुण्यामुंबईला त्यासाठी कानात घालायची महागडी यंत्रं घेतात म्हणे. आमच्याकडे एका ओढणीत भागतं. काटकसर आमच्या रक्तातच आहे.

हा रस्ता तसा नाकासमोर जातो. ह्यांचं सगळं बालपण या रस्त्यानं मामाच्या गावाला जाण्यात गेलं. तरी ह्यांना वाट सांगायला मोबाईलमधली बाई लागते. चिचोंडीच्या अलीकडे ती म्हणाली, डावीकडे वळा.

"अहो, सरळ जायचंय," मी मागून ओरडले.

"तिला पुढचं ट्रॅफिक दिसतं," हे म्हणाले.

ट्रॅफिक म्हणजे मेंढरं होती, आणि ती मला मोबाईलशिवाय दिसत होती. पण लग्नापासून माझं एक अक्षर न ऐकलेला हा माणूस त्या बाईच्या एका शब्दावर डावीकडे वळला. गाडीवाटेनं बाईनं आम्हाला थेट एका कांद्याच्या वावरात नेलं आणि मग सांगितलं, मागे वळा. बाई खरंच मागे वळा म्हणतेय का, हे बघायला ह्यांनी मान खाली घातली, आणि पुढचं चाक पाण्याच्या चारीत गेलं. हे चिखलात पालथे. मी सायकल टाकून धावले. चिखलातून पहिला शब्द आला, "मोबाईल?"

मोबाईलला काहीही झालं नव्हतं. गुडघा सोलवटला होता.

वावरात खुरपणाऱ्या एक मावशी उठून आल्या, ह्यांना हात देऊन उभं केलं, गुडघ्यावर पाणी ओतलं. "कुटं निघालाव?" त्यांनी विचारलं. जामखेडला, म्हटलं. मावशींनी एकदा लांबवर दिसणाऱ्या डांबरी रस्त्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं. "जामखेड रोडनंच आलाव न्हवं? मंग रोड सोडला कशापायी?" ह्यांनी चिखलातला मोबाईल शर्टाला पुसत तो विषय तिथेच संपवला. 

कडा

पुढे गंमत अशी, की नगर जिल्ह्यातून नगर जिल्ह्यातच जायचं तर वाटेत बीड जिल्हा लागतो. कड्याला माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे, तिच्याकडे मुक्काम केला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोणी. ह्यांच्या गुडघ्याला हळद लावली. ह्यांनी गुडघ्याचा फोटो काढून सायकलच्या ग्रुपवर टाकला, आणि रात्री झोपेपर्यंत तो गुडघा किती जणांनी पाहिला ते मला सांगत राहिले.

सकाळी स्टँडजवळ चहा घेत होतो. शेजारी एक टेम्पो उभा होता, आणि त्याच्या पुढच्या काचेवर, बरोबर जिथून रस्ता दिसायला हवा तिथे, मोबाईल चिकटवलेला. मोबाईलवर कुठलीतरी मालिका चालू होती. एका सासूनं एका सुनेला घराबाहेर काढलं होतं. ड्रायव्हर खाली उभा राहून बशीतून चहा ओढत होता, पण डोळे काचेवरच.

"गाडी चालवताना पण बघता का हो?" मी विचारलं.

"छ्या छ्या मॅडम, बगत न्हाई. निस्तं आयकतो." मग जरा विचार करून म्हणाला, "बगायचं फकस्त भांडन लागलं तरच."

मालिकेत भांडण कधी लागत नाही, ते मी त्याला विचारणार होते. पण तोच मला म्हणाला, "पर मॅडम, तुमी सायकलवाल्यांनी जपून ऱ्हावा बरं का. लोकं मोबाईलमधी बगत गाड्या हाकत्यात. लई वंगाळ झालंय." आणि टेम्पोत चढून, सासूचा आवाज मोठा करून, निघून गेला. मी त्याला रस्त्यावर पुष्कळ पुढे जाऊ दिलं, मगच सायकलला पाय लावला.

जामखेडपर्यंत उसाचे ट्रॅक्टर भेटत राहिले. मागे दोन दोन ट्रॉल्या, वर कर्णे, आणि गाणं असं की शेजारच्या शेतातली पाखरं उठावीत. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर चालत्या ट्रॅक्टरवरून बायकोला व्हिडिओवर रस्ता दाखवला, त्या रस्त्यावर आम्ही होतो, आणि आम्ही त्याच्या बायकोला हात केला. दुसरं काय करणार?

खर्डा

खर्ड्याचा किल्ला आधी दिसतो आणि गाव नंतर. आक्काची वस्ती गावाबाहेर शेतात आहे. घर, घरामागे गोठा, गोठ्याला लागून विहीर. आक्का दारातच उभी होती. "सलाम, सलाम, या," असा आमचा ख्रिस्ती नमस्कार करत तिनं मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "आजच सांग त्यांना." आधी जेवायला तरी बसू दे, म्हटलं. जेवायला शिपी आमटी होती, भाजलेल्या मसाल्याची, नाकाडोळ्यातून पाणी काढणारी. आमची केडगावची आमटी तिच्यापुढे औषधी काढा वाटते. मी तीन वाट्या प्याले.

आता दाजींचं मोबाईलशी काय नातं आहे ते सांगते, कारण ते दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. शेताला लाईट कधी येईल याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, आली तरी मधेच जाते. म्हणून दाजींनी मोटरीच्या स्टार्टरला एक डबा बसवलाय, त्यात सिमकार्ड. लाईट आली की तो डबा दाजींना फोन करतो. आतून एक बाई गोड आवाजात म्हणते, "लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. बंद करण्यासाठी दोन दाबा." दाजी बाजारात असोत, बांधावर असोत, मोटारसायकलवर असोत, एक दाबतात, आणि इकडे विहिरीवरची मोटर चालू होते. घरी कोणी हातानं चालू केली, तर बाई तेही फोन करून कळवते. सोय उत्तम. फक्त बाईचा फोन नेहमी दाजी गाडीवर असतानाच येतो, आणि दाजी तो उचलल्याशिवाय राहत नाहीत.

"माझ्या फोनला कवा एवडी घाई केली न्हाई," आक्का म्हणाली. "मागल्या रविवारी देवळात परार्थना चालली हुती. पाळक म्हन्ले, प्रभू तुमाला हाक मारतोय. तवर ह्यांच्या खिशातनं बाई म्हन्ली, लाईट आली आहे. निम्मे बापये उठून गेले की गं मोटरा चालू करायला."

संध्याकाळी मी दाजींना ओट्यावर बसवलं आणि शाळेतला आवाज काढला. पायातला रॉड काढून दाखवला, म्हणजे शब्दांनी. तिसऱ्यांदा पडलात तर आक्कानं काय करायचं ते विचारलं. दाजी खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, लागलं. तर खिशातली बाई वाजली, आणि दाजींनी माझ्याकडे बघतच, खिशातल्या खिशात, अंगठ्यानं एक दाबलं.

"दाजी!"

"अवो मास्तरीनबाई, आता मी गाडीवर हाय का? ओट्यावर तर हाय." मग म्हणाले, "तुमचं समदं पटतंय मला. पर लाईट माझ्यासाटी थांबत न्हाई. आन गाडीवर मी बगत न्हाई फोनकडं. अंगठ्याला पाट झालंय कुटं एक हाय ते."

ह्यांनी मान डोलावली. साडू साडू एका माळेचे मणी. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी

दाजी ह्यांना मोटारसायकलवर मागे बसवून किल्ला दाखवायला घेऊन गेले. ह्यांना बुरुजाचं चित्रीकरण करायचं होतं. मी आणि आक्का गोठ्यात. ती कडबा कुट्टी मशीनमध्ये घालत होती, मी बोलत होते.

दाजींनी आणखी एक डोकं चालवलं होतं, ते मला तेव्हाच कळलं. कुट्टीच्या मशीनला वेगळा स्टार्टर कशाला, म्हणून ते त्याच डब्याला जोडलेलं. भिंतीवर एक दांडा होता. दांडा वर केला की विहिरीवरची मोटर, खाली केला की कुट्टी, मधे ठेवला की दोन्ही बंद. आक्कानं दांडा खाली करून स्टार्टरचं बटण दाबलं होतं. थोडा कडबा कापून झाला आणि लाईट गेली. चाक थांबलं, आणि कडब्याचं एक जाड ताट पात्याशी अडकून बसलं.

"मरो ती लाईट," म्हणत आक्कानं ते ताट ओढायला हात घातला. लाईट नसताना ती रोजच असा घालते. मी तिला दाजींच्या अंगठ्याबद्दल काहीतरी टोचून सांगत होते, ती हसत होती. तेवढ्यात डब्यावरचा हिरवा दिवा लागला. मला वाटलं, बरं झालं, लाईट आली. खरंच असंच वाटलं मला, बरं झालं म्हणून. मग डब्यात टक असा आवाज झाला, आणि चाक फिरलं.

दांडा मी वर ढकलला की खाली, कशी धावले, काय ओरडले, मला आठवत नाही. चाक थांबलं तेव्हा दांडा मधे होता. आक्का खाली बसली होती आणि उजवा हात पदरात धरून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. "शालू, बोटं हायत का गं?" एवढंच विचारलं तिनं. दोन बोटांची टोकं नव्हती. मी म्हटलं, हात आहे, आक्का, हात आहे.

शेजारच्या वस्तीवरच्या बाळूची जीप मिळाली. धुतलेल्या लुगड्यानं हात गच्च बांधून आम्ही जामखेडच्या दवाखान्याकडे निघालो. बाळू चांगला माणूस, गाडी जोरात काढली. आणि दुसऱ्या मिनिटाला मोबाईल कानाला लावला. "अरे मामी कुट्टीत... व्हय व्हय, गाडीवरच हाय... बोटं..." एक झाला की दुसरा. वळणावर समोरून ऊस आला तेव्हा जीप निम्मी पलीकडे होती. मी मागून हात घालून त्याच्या कानावरचा मोबाईल ओढला आणि माझ्या पिशवीत कोंबला. "नुसती गाडी चालव," मी म्हटलं. माझा आवाज इतका घाणेरडा निघाला, की त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

मग जीपमधूनच दाजींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला मास्तरीनबाई."

मागे वारं आणि मोटारसायकलचा आवाज.

"दाजी, तुम्ही गाडीवर आहात का?"

"गाडीवरच हाय, बोला की, येतंय आयकू. आन लाईट आल्ती बरं का, मोटर चालू केली म्या मगाशी. तुमच्या आक्काला सांगा, गव्हाला पानी चाललंय."

केवढ्या आनंदात सांगत होते! आक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तिला ते ऐकू गेलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"दाजी, गाडी थांबवा."

"अवो बोला की, काय..."

"आधी गाडी थांबवा. बंद करा. मागे ह्यांना सांगा उतरायला."

"झालं काय पर?"

 ते हॅलो हॅलो करत होते. मी इंजिनाचा आवाज ऐकत बसले, आणि तो बंद झाला तेव्हाच सांगितलं.  पलीकडून ह्यांचा आवाज आला, "आम्ही येतो. गाडी मी चालवतो."

जामखेड

डॉक्टरांनी टाके घातले. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही वरच्या पेरापासून गेली होती, बाकी हात वाचला. दाजी आले ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. आक्का त्यांना एक शब्द बोलली नाही. मला मात्र त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांचा चेहरा बघितला, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

आणि वाजली ना बाई! लाईट पुन्हा जाऊन पुन्हा आली असणार. दाजींनी मोबाईल खिशातून काढला, पण त्यांना त्याला बोट लावता येईना. तो तळहातावर वाजत राहिला, थांबला, परत वाजला. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले.

"दांडा मी मधे ठेवलाय," मी म्हटलं. "एक दाबून काही होणार नाही."

"गव्हाच्या पान्याची पाळी हाय," आक्का खाटेवरून म्हणाली. तिचं पहिलं वाक्य. "आन म्हस तशीच हाय सकाळधरनं."

दाजींनी मोबाईल तिच्या डाव्या हाताशी ठेवला. "जातो मी. कुट्टीची वायर तोडतो आदी. मोटर हातानं चालू करतो." आणि गेले. हे मागोमाग दारापर्यंत धावले, मी चालवतो म्हणाले, पण दाजी थांबले नाहीत. खालून मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मग मला खरी भीती वाटली. रॉड घातलेला पाय, सकाळपासून पोटात अन्न नाही, डोकं ठिकाणावर नाही, आणि उसाच्या गाड्यांचा तो रस्ता. ह्यांनी सवयीनं आपला मोबाईल काढला, दाजींचं नाव दाबलं, आणि आक्काच्या उशाशी मोबाईल वाजला. ह्यांनी गुपचूप आपला मोबाईल बंद करून खिशात ठेवला. दाजी कुठे आहेत, हे कळायचा काहीच मार्ग नव्हता. आक्का दाराकडे बघत पडून होती. चहा आणला तो तसाच निवला. कोणीतरी अपघाताचा पेशंट आणला, तेव्हा ती डाव्या हातावर जोर देऊन उठून बसली आणि तो माणूस कोण आहे ते बघूनच परत टेकली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

खूप वेळानं तो मोबाईल वाजला. आक्कानंच डाव्या अंगठ्यानं उचलला. आतून तीच बाई, तोच गोड आवाज. "मोटर चालू झाली आहे. बंद करण्यासाठी दोन दाबा."

आक्कानं काहीच दाबलं नाही. बाई परत परत तेच सांगत होती, आणि आक्का मोबाईल कानाला लावून ऐकत होती.

"पोचले," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडायला लागली.